हे खेळ मेले नाहीत, मारले आहेत!

पैसे मोजून घेतलेली सीडी आहे. डबी शाबूत आहे, आतल्या कागदावरचा अनुक्रमांक वाचता येतो, तबकडीवर ओरखडा नाही. नव्या संगणकाला सीडी ड्राइव्ह उरला नाही म्हणून तोही वेगळा आणून जोडला. गेम इन्स्टॉल झाला. आयकॉनवर दोनदा क्लिक केले, आणि पुढे काहीच नाही. आता त्याच गेमची दुसरी प्रत पाहा. वीस वर्षांपूर्वी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या फुटपाथवर प्लास्टिकच्या पिशवीत विकलेली, वर स्केचपेनाने नाव लिहिलेली, उघडउघड चोरीची. ती त्याच संगणकावर सुरू होते. चोराचा गेम चालतो, सावाचा चालत नाही! चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण आपण आजवर आंधळ्या न्यायासाठी राखून ठेवली होती. गेम विकणाऱ्या कंपन्यांनी ती दुकानाच्या गल्ल्यावर आणून बसवली आहे. याला कोणी काळाचा महिमा म्हणत असेल तर ते साफ खोटे आहे. हा विश्वासघात आहे, आणि तो करणाऱ्यांची नावे घेऊनच त्याविषयी बोलले पाहिजे.

चोराची प्रत चालते, कारण चोराने कुलूप तोडले होते. सावाची अडते, कारण त्याने कुलूप मान्य केले होते. १९९८ च्या सुमारास ‘सेफडिस्क’ नावाचे हे कुलूप बाजारात आले, पुढे मॅक्रोव्हिजन कंपनीच्या हाती गेले आणि नीड फॉर स्पीड: मोस्ट वाँटेड, बॅटलफील्ड १९४२, द सिम्स २ अशा कितीतरी गेमच्या सीड्यांवर बसले. तबकडीवर मुद्दाम काही दोष ठेवायचे, साध्या नकलेत ते उतरत नाहीत, आणि गेम सुरू होताना ते जागेवर आहेत की नाहीत हे तपासायचे, अशी ही युक्ती. पण तपासणारा पहारेकरी बसवला कोठे? गेममध्ये नव्हे, विंडोजच्या गाभ्यात! करमणुकीची एक वस्तू विकताना गिऱ्हाइकाच्या घराच्या माजघरात परका पहारेकरी बसवण्याचा अधिकार यांना कोणी दिला होता? २००७ मध्ये त्या ड्रायव्हरमध्ये भगदाड सापडले. त्यातून साध्या वापरकर्त्याला अख्ख्या संगणकाचा ताबा घेता येत होता. २०१५ मध्ये विंडोज १० ने त्याला दारातूनच परत पाठवले आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबरातल्या अपडेटने विस्टा, ७ आणि ८ या आवृत्त्यांवरही त्याचा कारभार थांबवला. मायक्रोसॉफ्टने ते भगदाड बुजवले हे योग्यच झाले. गुन्हा आहे तो ज्यांनी कुलूप लावले, पैसे घेतले आणि किल्ली घेऊन निघून गेले त्यांचा. कुलूप निरुपयोगी झाल्यावर ते काढून देणे ही त्यांची जबाबदारी नव्हती काय? वीस वर्षांपूर्वीच्या गेमवरचे कुलूप आज कोणाच्या नफ्याचे रक्षण करते? मोस्ट वाँटेड तर आज पीसीसाठी कोणत्याही अधिकृत डिजिटल दुकानात मिळतही नाही. विकायचे नाही, दुरुस्त करायचे नाही, ज्याने घेतले त्यालाही खेळू द्यायचे नाही, ही कसली मालकी?

या कंपन्यांचे एकच उत्तर ठरलेले असते: गेम जुना झाला, नवे यंत्र त्याला पेलत नाही. या उत्तरात सत्याचा अंश आहे, तेवढा आम्ही मान्य करतो. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेले काही जुने प्रोग्राम प्रोसेसर फार वेगवान झाल्यावर ‘रनटाइम एरर २००’ दाखवून बंद पडत. यंत्राचा वेग मोजणाऱ्या त्यांच्या हिशेबातला भागाकारच आकड्याच्या मर्यादेबाहेर जाई. १६ बिटांचे प्रोग्राम ६४ बिटांच्या विंडोजवर चालत नाहीत, आणि नव्वदच्या दशकातल्या अनेक गेमचा इन्स्टॉलर तेवढा १६ बिटांचा असल्याने धडधाकट गेमसुद्धा उंबरठ्यावरच अडतो. एज ऑफ एम्पायर्स २ मध्ये विंडोज ७ वर गवत आणि पाणी भलत्याच रंगांत दिसू लागले, कारण त्याची २५६ रंगांची जुनी पेटी आणि नवा डेस्कटॉप यांचे जमेना. थ्रीडीएफएक्स ही कंपनी २००० च्या अखेरीस बुडाली, तिची मालमत्ता एनव्हिडियाने घेतली, आणि तिच्या ग्लाइड भाषेत चित्रे काढणारे गेम पोरके झाले. ही झीज खरी आहे. पण तिच्यावर औषध नाही हे धादांत खोटे आहे. औषध आहे, ते फुकट आहे, आणि ते या कंपन्यांनी बनवलेले नाही!

डॉससाठी डॉसबॉक्स आहे, २००२ पासून. जुन्या साहसी गेमसाठी स्कमव्हीएम आहे, २००१ पासून. लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारे वाइन तर १९९३ पासून आहे. ग्लाइड आणि जुने डायरेक्टएक्स आजच्या ग्राफिक्स कार्डाला समजेल अशा भाषेत सांगणारे डीजीव्हूडू २ आहे. यामागची बहुतेक माणसे दिवसभर नोकरी करून रात्री जागणारी आहेत. त्यांच्याकडे मूळ सोर्स कोड नव्हता, कंपनीची कागदपत्रे नव्हती, पगार नव्हता. ज्यांच्याकडे हे सारे होते त्यांनी खांदे उडवले.

आणि एके काळी या धंद्यात लाज शिल्लक होती. विंडोज ९५ च्या वेळची गोष्ट प्रसिद्ध आहे. सिमसिटीमध्ये एक चूक होती: मोकळी करून परत दिलेली मेमरी तो पुन्हा वाचत असे. जुन्या विंडोजवर हे खपून जात होते, नव्यावर गेम कोसळू लागला. चूक सिमसिटीची, मायक्रोसॉफ्टची नव्हे. तरीही मायक्रोसॉफ्टच्या माणसांनी विंडोजमध्येच सोय केली की सिमसिटी चालू असेल तर मेमरी लगेच मोकळी करायची नाही. दुसऱ्याच्या चुकीसाठी आपली व्यवस्था वाकवली, कारण गिऱ्हाइकाने घेतलेला गेम चालला पाहिजे ही त्यांना आपली जबाबदारी वाटली. तीस वर्षांत हे शील कोठे गेले? ॲपलने २०१७ मध्ये आयओएस ११ आणताना फोनवरचे आणि २०१९ मध्ये कॅटलिना आणताना मॅकवरचे सगळे ३२ बिटांचे प्रोग्राम एका झटक्यात बाद केले. त्यांत लोकांनी पैसे देऊन घेतलेले असंख्य गेम होते. ज्यांनी ते पुन्हा लिहिले नाहीत त्यांचे गेम गेले, आणि गिऱ्हाइकाचे पैसेही गेले.

आता हौशी माणसांची ताकद पाहायची असेल तर जीटीए सॅन अँड्रियासच्या विमानाची गोष्ट ऐका. गेम २००४ चा. त्यात पाण्यावर उतरणारे ‘स्किमर’ नावाचे एक छोटे विमान आहे. विंडोज ११ ची २४एच२ ही आवृत्ती आली आणि ते विमान गेममधून गायब झाले. हाताने आणून त्यात बसावे तर खेळाडू आकाशात इतक्या लांब फेकला जाई की ते अंतर लिहायला एकावर एकतीस शून्ये लागतील. सगळ्यांनी बोट दाखवले विंडोजकडे. एका दुरुस्तीकाराने, ‘सायलेंटपॅच’ नावाच्या विनामूल्य पॅचच्या कर्त्याने, मुळापर्यंत खणले. याच मालिकेतल्या आधीच्या व्हाइस सिटी या गेममध्ये स्किमरची नोंद होडी म्हणून होती. सॅन अँड्रियासमध्ये तिचे विमान झाले, पण विमानाच्या नोंदीत चाकांच्या मापाचा जो आकडा लागतो तो लिहायचा राहून गेला. गेम तो आकडा वाचायला जाई आणि आधीच्या गाडीचा मेमरीत उरलेला आकडा उचली. वीस वर्षे तो उष्टा आकडा योगायोगाने जागेवर राहिला. नव्या विंडोजच्या आतल्या कामाला मेमरीची तीच जागा थोडी अधिक लागली आणि योगायोग संपला. दोष कंपनीच्या एका ओळीत होता, आणि तो सापडला कंपनीबाहेरच्या माणसाला. जगातल्या सर्वाधिक खपाच्या गेममालिकांपैकी एकीचा मालक, कोट्यवधी डॉलर मिळवणारा, आणि त्याच्या घराची गळती शेजारी काढून देतो! या उपकाराची फेड कंपन्या कशी करतात तेही ऐका.

जीटीए ३ आणि व्हाइस सिटी हे गेम आपल्याकडच्या एका पिढीला पाठ आहेत. शाळा सुटल्यावर सायबर कॅफेत तासाच्या भाड्यावर, एकाच खुर्चीवर दोघे-तिघे बसून ते खेळले गेले. २०२१ च्या फेब्रुवारीत ‘आरई३’ या नावाने काही हौशी प्रोग्रामरांनी या दोन गेमचा कोड उलट्या अभ्यासाने पुन्हा उभा करून खुला केला. त्यात जुन्या चुका दुरुस्त होत्या, रुंद पडद्याची सोय होती, नव्या यंत्रांवर गेम स्थिर चालत होता. मूळ गेमच्या फायली आपल्याजवळ असल्याखेरीज त्याचा उपयोग नव्हता, म्हणजे कंपनीचा एक पैसा बुडत नव्हता. जीटीएची मालक असलेल्या टेक-टू कंपनीने तो त्याच महिन्यात नोटीस देऊन खाली उतरवायला लावला आणि सप्टेंबरात कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात या माणसांवर दावा ठोकला. ऑक्टोबरात हे दोन आणि सॅन अँड्रियास असे मूळ तिन्ही जुने गेम डिजिटल दुकानांतून काढून घेतले. नोव्हेंबरात ‘डेफिनिटिव्ह एडिशन’ नावाची नवी आवृत्ती भारी किमतीला विकायला आणली. ती कशी निघाली? माणसांचे चेहरे बिघडलेले, पावसात रस्ता दिसेना, दुकानांच्या पाट्यांवर चुकीची अक्षरे, आणि पीसीवरचा गेम तर काही दिवस विक्रीतूनच मागे घ्यावा लागला. शेवटी टेक-टूच्याच रॉकस्टार या कंपनीला जाहीर माफी मागून जुने गेम परत दुकानात ठेवावे लागले. क्रम नीट ध्यानात घ्या. आधी दुरुस्त करणाऱ्याचे हात बांधले, मग चांगली वस्तू लपवली, मग खराब वस्तू चढ्या भावाने पुढे केली. मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाणे याहून वेगळे काय असते?

ब्लेड रनरचेही तेच. वेस्टवुड कंपनीच्या १९९७ च्या या सुंदर गेमचा सोर्स कोड हरवला. स्कमव्हीएमच्या स्वयंसेवकांनी सुमारे आठ वर्षे खपून तो गेम नुसत्या चालत्या प्रोग्रामवरून समजून घेतला आणि २०१९ मध्ये नव्या यंत्रांवर उभा केला. त्यांच्याच कामाच्या आधारे तो पुन्हा विक्रीला आला. मग २०२२ मध्ये दुसऱ्याच एका कंपनीची ‘एन्हान्स्ड एडिशन’ आली, आणि ती स्वयंसेवकांच्या कामापेक्षा इतकी निकृष्ट होती की ओरड झाल्यावर जुना गेम पुन्हा वेगळा विकायला ठेवावा लागला. कोड हरवतो याचा अर्थ काय? कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्या धंद्याने आपल्या कारागिरांच्या कित्येक वर्षांच्या श्रमाची एक धड प्रत जपली नाही. गावच्या देवळाचा पुजारी पूर्वजांची पोथी फडक्यात बांधून शतकभर सांभाळतो. यांना वीस वर्षे एक टेप सांभाळता आली नाही!

याहून नवा आणि अधिक निर्लज्ज प्रकार आहे इंटरनेटच्या दोरीचा. फॉलआउट ३ हा २००८ चा गेम मायक्रोसॉफ्टच्या ‘गेम्स फॉर विंडोज लाइव्ह’ या सेवेला बांधलेला होता. तिचे दुकान २०१३ मध्ये बंद झाले. गेमच्या पायातली बेडी अधिकृतपणे निघाली २०२१ मध्ये. मधली आठ वर्षे विकत घेणाऱ्यांनी हौशी पॅच शोधत, आयएनआय फायलीत प्रोसेसरच्या कोअरची संख्या हाताने कमी लिहीत दिवस काढले, आणि त्या सर्व काळात गेम विकला मात्र जात होता. युबिसॉफ्टचा द क्रू हा २०१४ चा मोटारशर्यतीचा गेम. एकट्याने खेळायचे असले तरी कंपनीच्या सर्व्हरशी जोडणी हवीच. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केला आणि दहा वर्षांत ज्यांनी ज्यांनी तो घेतला त्या सर्वांचा गेम एका रात्रीत मेला. एवढ्यावर थांबले नाहीत. लोकांच्या खात्यांतून गेमचा परवानाही काढून घेतला. हे करणे भाग होते काय? मुळीच नव्हते. लोक खवळले तेव्हा याच कंपनीने त्याच वर्षी द क्रू २ ला ऑफलाइन सोय देण्याचे कबूल केले, आणि २०२५ मध्ये ती दिलीही. म्हणजे जमत होते. करायचे नव्हते!

सर्व्हर कायम चालू ठेवा असे कोणी म्हणत नाही. वीजबिल, देखभाल, माणसांचे पगार हे आम्हालाही कळते. मागणी एवढीच की जाताना घराची किल्ली राहणाऱ्याच्या हाती देऊन जा. रॉस स्कॉट यांनी २०२४ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टॉप किलिंग गेम्स’ चळवळीचे सारे म्हणणे यात आले, आणि युरोपात त्याच्या बाजूने दहा लाखांहून अधिक नागरिकांनी सह्या केल्या आहेत. कंपनी बुडते, व्यापारी गुपिते उघडी पडतात, हे युक्तिवाद आता पुरे झाले. आयडी सॉफ्टवेअरने डूमचा सोर्स कोड १९९७ मध्येच खुला केला. डूम बुडाला काय? तो आज जगातल्या जवळजवळ प्रत्येक यंत्रावर चालतो, आणि अजून विकलाही जातो. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने २०२० मध्ये कमांड अँड कॉन्करच्या पहिल्या दोन गेमचा कोड खुला केला. आकाश कोसळले नाही. एक सही करायची असते. ती होत नाही, कारण मेलेल्या गेमचे गिऱ्हाईक नव्याकडे वळेल हा त्यांचा हिशेब आहे.

अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ मध्ये मोजणी करून दाखवले की तेथे २०१० पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के तेव्हा बाजारात विक्रीला नव्हते. निदान अभ्यासकांना तरी ग्रंथालयांमार्फत ते दुरून पाहता यावेत, एवढी माफक सवलत मागितली गेली. गेम कंपन्यांच्या संघटनेने विरोध केला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ती नाकारली. विकणार नाही आणि वाचूही देणार नाही! स्वतःच्याच इतिहासाला कुलूप घालून वर पहारा देणारा असा दुसरा कलाव्यवसाय आम्हाला माहीत नाही.

आपण यातून वेगळे आहोत अशा समजुतीत कोणी राहू नये. मुंबईच्या इंडियागेम्स कंपनीने २००० नंतरच्या दशकात मोबाइलसाठी गेम बनवले. पुढे ती डिस्नेकडे गेली. बटणांच्या फोनवर जावात चालणारे त्या पिढीचे गेम आजच्या फोनवर थेट चालतच नाहीत, आणि ते जतन करणे हे कोणत्याही सरकारी खात्याचे काम नाही. चित्रपटासाठी पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. तेही इतक्या उशिरा झाले की आपले बहुतेक मूकपट तोवर नष्ट झाले होते. छापलेल्या पुस्तकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयात जमा करण्याचा कायदा १९५४ चा आहे. सॉफ्टवेअरसाठी, गेमसाठी यांपैकी काहीही नाही. मूकपटांच्या राखेतूनही आपण शिकणार नसू, तर मग शिकणार कशातून? केंद्र सरकारने संगणक खेळांचा निक्षेप-संग्रह काढावा, बंद पडलेल्या सेवेचे कुलूप विक्रेत्याने काढून द्यावे अशी अट ग्राहक कायद्यात घालावी, आणि ‘विकत घ्या’ असे बटण ठेवून भाडेपट्टी विकणाऱ्यांना चाप लावावा. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२५ पासून तेवढे तरी केले आहे: तुम्ही गेम घेत नसून परवाना घेत आहात, हे विक्रेत्याला तेथे स्पष्ट लिहावे लागते.

आणि वाचकहो, एक गोष्ट तुमच्या हाती आजच आहे. आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा या बाबतीत अमेरिकेच्या कायद्यापेक्षा शहाणा आहे. कलम ५२ सांगते की संगणक प्रोग्रामची प्रत ज्याच्याकडे रीतसर आहे त्याला ती ज्या कामासाठी दिली त्या कामी वापरण्यासाठी तिची नक्कल करता येते, तिच्यात बदल करता येतो, आणि ती नष्ट होईल या भीतीपोटी राखीव प्रतही ठेवता येते. २०१२ मध्ये आलेले कलम ६५ अ कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद सांगते खरे, पण हक्कभंगाचा हेतू असेल तरच. स्वतःचा गेम स्वतःच्या संगणकावर खेळणे हा हक्कभंग नव्हे. तेव्हा माळ्यावरच्या खोक्यातल्या सीड्या भंगारात घालू नका. तबकड्यांवरचा थर दरवर्षी झिजतो आहे. या रविवारी त्या खाली काढा, प्रत्येकीची पूर्ण प्रतिमा हार्ड डिस्कवर उतरवून घ्या, डबीवरचा अनुक्रमांक लिहून ठेवा, आणि जो गेम चालत नाही तो का चालत नाही याचे पत्र त्याच्या कंपनीला पाठवा.